सुई आणि रबरी पट्टी: ऑगस्ट बीर यांच्याबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: 'मी ॲनेस्थेशियाच्या एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पायनलचा जनक बीअर आणि बीअर ब्लॉकवालाही तोच, असं आम्ही तोंडी परीक्षेसाठी पाठ करतो. हा माणूस मुळात भूलतज्ज्ञ होता का? एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी कशा सुचल्या? आणि रोज ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) यादीत अडकलेल्या डॉक्टरला काही नवं शोधणं जमतं का?'

गेली २८ वर्षं मी भूल देतोय, त्यातली बहुतेक तालुक्याच्या गावांतल्या लहान रुग्णालयांत. स्पायनल म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर करणं, आणि बीअर ब्लॉक म्हणजे शिरेतून औषध देऊन फक्त एक हात बधिर करणं. स्पायनल हा माझा रोजचा भाकरतुकडा आहे. म्हणून या माणसाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. आधी नावाचा उच्चार. आपण ओटीत 'बीअर' म्हणतो, जर्मन लोक 'आउगुस्ट बीर' म्हणतात. मी पुढे बीरच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बीर भूलतज्ज्ञ नव्हते, सर्जन होते. त्या काळी जर्मनीत भूलतज्ज्ञ नावाची वेगळी जातच नव्हती. सर्जनचा सहायक किंवा हाताशी असलेला कुणी क्लोरोफॉर्म किंवा ईथर थेंबथेंब टाकत राही आणि सर्जन कापत राही. क्लोरोफॉर्मने टेबलावरच हृदय बंद पडायचं, ईथरने रुग्ण तासन् तास ओकायचा. म्हणजे भुलेचा त्रास सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता आणि तिचा दोषही त्याच्याच पदरात पडत होता. भूल सुधारावी असं सर्जनलाच का वाटलं, ते इथे कळतं.

बीर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ चा, जर्मनीतल्या वाल्डेक भागातल्या हेल्सेन गावचा. शिक्षण संपवून ते उत्तरेकडच्या कील या बंदराच्या शहरात फ्रीडरिश फॉन एस्मार्श यांच्या हाताखाली सहायक म्हणून लागले. कील हे शहर आणि हे गुरू, दोन्ही नीट लक्षात ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर तिथेच आहे.

एस्मार्श म्हणजे आपल्या 'एस्मार्क बँडेज'वाले. लढाईतले जखमी हाताळलेला हा सर्जन. हातपाय कापताना होणारा रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यांनी १८७३ साली एक युक्ती मांडली: बोटांपासून वरपर्यंत रबरी पट्टी घट्ट गुंडाळत जायचं, रक्त वर ढकलून द्यायचं आणि मग वर आवळून बांधायचं. खाली रक्त नसलेली कोरडी जागा. आजही हाडांच्या ओटीत ती बदामी रंगाची पट्टी गुंडाळताना तुम्ही रोज बघता. बीर त्या पट्टीच्या घरातच वाढले म्हणायला हरकत नाही.

त्याच कीलमध्ये, औषधवैद्यक विभागात, हाइनरिश क्विंकं होते. स्पायनलची आपली 'क्विंकी नीडल' यांच्याच नावाची. मेंदूत पाणी साचलेल्या रुग्णांचा दाब कमी करावा म्हणून त्यांनी १८९१ साली कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची पद्धत मांडली. त्यांनी काढलं, आत काही घातलं नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून आली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि काही महिन्यांत सगळ्या युरोपातले डॉक्टर जिथे जमेल तिथे कोकेन टोचू लागले. न्यूयॉर्कच्या लिओनार्ड कॉर्निंगने तर १८८५ सालीच कुत्र्याच्या आणि मग एका माणसाच्या पाठीत, मणक्यांच्या काट्यांमध्ये कोकेन टोचून पाय बधिर केले होते. पण त्याने पाणी काढून जागा तपासली नव्हती. औषध नेमकं कुठे गेलं याचा पत्ता त्यालाही नव्हता, आणि शस्त्रक्रियेसाठी त्याने ते वापरलंही नाही. म्हणून 'पहिला कोण' या वादात मी बीरच्या बाजूने आहे, पण कॉर्निंगचं नाव टाकून देऊ नका. परीक्षकाला ते ऐकायला आवडतं आणि कॉर्निंगचा तो हक्कही आहे.

तर कीलमध्ये क्विंकंची सुई आहे, बाहेरून कोकेन आलं आहे, आणि टेबलावर क्षयाने सडलेले सांधे घेऊन रुग्ण येताहेत. १६ ऑगस्ट १८९८ रोजी बीरनी ३४ वर्षांच्या एका मजुराच्या घोट्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया केली. या माणसाला आधीच्या वेळी पूर्ण भुलेचा फार त्रास झाला होता. त्याला कुशीवर झोपवून त्यांनी कमरेत सुई घातली, पाणी आलं, आणि १५ मिलिग्रॅम कोकेन आत सोडलं. शस्त्रक्रियेत दुखलं नाही. नंतर मात्र पाठ आणि पाय दुखले, ओकाऱ्या झाल्या, डोकं दुखलं. त्यानंतर आणखी पाच जणांना दिलं. भूल उत्तम आणि नंतरचा त्रासही तितकाच ठळक.

इथे दुसरा कुणी असता तर सहा रुग्णांचा विजय छापून मोकळा झाला असता. बीरना मात्र नंतरचा त्रास नेमका कशामुळे होतो हे कळेना. तो औषधाचा की सुईचा? रुग्ण सांगतो त्यावरून नीट कळत नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की स्वतःच्या पाठीत घ्यायचं.

२४ ऑगस्टची संध्याकाळ. सहायक हिल्डेब्रांट यांनी बीरच्या कमरेत सुई घातली. पाणी आलं. आता सिरिंज लावायची, तर सिरिंज त्या सुईला बसेना. इकडे हिल्डेब्रांट ती बसवायला धडपडताहेत, तिकडे सुईतून बीरच्या मणक्यातलं पाणी वाहतंय, आणि कोकेनही बरंचसं बाहेरच सांडलं. पाय बधिर झालेच नाहीत. प्रयोग फसला.

माझ्या रेसिडेंट मुलांना हा प्रसंग सांगतो तेव्हा मी हातात सुई आणि सिरिंज देतो आणि म्हणतो, लावून बघा. 'कट्' असा हलका आवाज येतो, चटकन बसते. ती अशी बसते कारण तो निमुळता सांधा आता जगभर एका मापाचा आहे. १८९८ साली तसं काही गृहीत धरता येत नव्हतं. जगातल्या पहिल्या फसलेल्या स्पायनलचं कारण शरीरशास्त्रात नव्हतं, औषधातही नव्हतं. दोन धातूच्या तुकड्यांचं माप जुळलं नाही, इतकंच.

मग हिल्डेब्रांट म्हणाले, माझ्यावर करा. त्यांच्या पाठीत बीरनी ५ मिलिग्रॅम कोकेन सोडलं. या वेळी सिरिंज नीट बसली. पुढचा पाऊण तास बीरनी मिनिटामिनिटाची नोंद केली, आणि ती नोंद वाचताना अंगावर काटा येतो. सुई टोचली, नुसता स्पर्श कळतो. मोठी वाकडी सुई मांडीत हाडापर्यंत घातली, दुखत नाही. पेटती सिगार टेकवली, गरम लागतं पण भाजत नाही. खालचे केस ओढले, कातडी उचलल्यासारखं वाटतं, पण छातीवरचे केस ओढले की कळवळतात. २३ मिनिटांनी नडगीवर लोखंडी हातोडीचा जोरदार घाव घातला, वेदना नाही. पाऊण तासाच्या सुमाराला जाणीव परत येऊ लागली.

छातीवरच्या केसांची नोंद तुम्ही सहज वाचून पुढे जाल. थांबा. ती आपली 'लेव्हल' तपासण्याची पहिली नोंद आहे. कुठपर्यंत बधिर आणि कुठून जागं, ही सीमा त्यांनी त्याच संध्याकाळी शोधली. आज आपण बर्फाचा तुकडा किंवा स्पिरिटचा बोळा वर वर नेत 'गार लागतंय का?' विचारतो, ते काम त्यांनी केस ओढून केलं. आजच्या एथिक्स कमिटीसमोर असा प्रयोग पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही, आणि टिकूही नये. हाताखालच्या माणसाच्या नडगीवर हातोडी मारणं, त्याने होकार दिला असला तरी, मला पटत नाही. साहेबांसमोर सहायकाचा होकार किती मोकळा असतो हे तुम्ही रेसिडेन्सीत बघताच आहात. आणि पुढच्या वर्षी लेख छापला गेला तेव्हा लेखक म्हणून नाव एकट्या बीरचं होतं. हिल्डेब्रांट लेखाच्या आत होते, वर नव्हते.

प्रयोगानंतर दोघांनी जेवण केलं, वाइन प्याले, सिगार ओढल्या. बीर झोपले, सकाळी ताजेतवाने उठले आणि तासभर फिरून आले. फेरीच्या शेवटी डोकं दुखायला लागलं आणि दिवसभरात वाढत गेलं. आडवं झालं की थांबायचं, उठून बसलं की सुरू. नऊ दिवस त्यांनी हे भोगलं. हिल्डेब्रांटना रात्रीच ओकाऱ्या सुरू झाल्या, डोकंही दुखलं, आणि बधिर नडगीवर खाल्लेल्या माराचे वळ दुसऱ्या दिवशी दिसू लागले.

आता बघा: बीरच्या पाठीत औषध जवळजवळ गेलंच नव्हतं, पाणी मात्र भरपूर वाहून गेलं होतं. तरी नऊ दिवस डोकं दुखलं. फसलेल्या प्रयोगाने त्यांना जे सांगितलं, ते यशस्वी प्रयोगाने कधीच सांगितलं नसतं. पाणी निसटणं हे या डोकेदुखीचं एक कारण असावं, बारीक सुई वापरावी आणि पाणी वाया जाऊ देऊ नये, हा धागा त्यांनी तेव्हाच पकडला. 'आडवं झालं की थांबतं, उठलं की सुरू' हे वाक्य आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याचं पहिलं नीट वर्णन एका डॉक्टरने स्वतःच्या डोक्यावरून लिहिलं आहे.

हे वर्णन पुस्तकातून माझ्या हाडात कधी उतरलं तेही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका लहान रुग्णालयात रात्री सिझरला बोलावलं. पहिलटकरीण, तेवीस-चोवीस वर्षांची. बारीक सुया संपल्या होत्या, २३ नंबरची जाड क्विंकी तेवढी होती. मी तीच घेतली, आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा जागा मिळाली. सिझर छान झालं, बाळ रडलं, मी घरी गेलो. तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई बाळाला पाजायला उठून बसली की डोकं धरून पुन्हा आडवी होते. सासूबाईंनी कपाळाला फडकं आवळून बांधलं होतं, 'बाळंतिणीला वारं लागलंय, पंखा बंद करा' म्हणत होत्या. मी पलंगाजवळ बसलो आणि म्हणालो, 'आजी, वारं नाही. माझ्या सुईने भोक पडलंय, त्यातनं पाणी झिरपतंय.' आजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'मग बुजवा की.'

बरोबर होतं त्यांचं. दोन दिवस सलाइन, कॉफी, गोळ्या करून बघितल्या, उतार पडेना. शेवटी तिच्याच दंडातून १५ मिलिलिटर रक्त काढून त्याच पातळीला मणक्याच्या आवरणाबाहेर सोडलं. तासाभराने ती उठून बसली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि डोकं शांत होतं. हा 'ब्लड पॅच' जेम्स गॉर्मली या सर्जनने १९६० साली मांडला. ज्यांच्या पाठीतून सुई घालताना रक्त आलं त्यांना डोकेदुखी कमी होते, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत स्वतःच्या बारीक पेन्सिल-टोकाच्या सुया असतात. रुग्णालयात आहेत की नाहीत हे मी विचारत बसत नाही.

त्या पेन्सिल-टोकाचीही एक वंशावळ आहे. क्विंकी सुईचं टोक कापतं. रोलँड व्हिटाकर आणि त्यांचे सहकारी हार्ट यांनी १९५१ साली टोक पेन्सिलीसारखं करून भोक बाजूला नेलं, म्हणजे आवरणाचे तंतू कापले न जाता बाजूला सरकतात. १९८७ साली जर्मनीच्या श्प्रोटं यांनी ते आणखी सुधारलं. त्याआधी १९४० च्या दशकात मेयो क्लिनिकच्या एडवर्ड तुओही यांनी टोक वाकवलेली सुई आणून तिच्यातून नळी आत सोडली. ती सुई बघून हवानाला परतलेल्या मार्टिनेझ कुर्बेलो यांनी १९४७ साली कमरेतल्या एपिड्युरलमध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत, नळी ठेवून दाखवली. ही सगळी रोज ओटीत उभी राहणारी माणसं होती. प्रत्येकाने आधीच्या माणसाच्या हत्यारातली एक खोट बघितली आणि तेवढीच दुरुस्त केली. सिरिंजच्या सांध्याचंही तसंच. तो सांधा एकसारखा झाला म्हणून सोय झाली, पण मग शिरेत द्यायचं औषध चुकून पाठीत जाऊ लागलं. व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचं औषध असं पाठीत जाऊन रुग्ण दगावले आहेत. म्हणून २०१६ साली पाठीच्या सुयांसाठी वेगळ्या मापाच्या सांध्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. शिरेची सिरिंज त्या सुईला बसतच नाही. बीरच्या संध्याकाळी सिरिंज न बसणं ही अडचण होती. आज ती मुद्दाम बसू नये अशी बनवावी लागते.

पुन्हा बीरकडे. १८९९ साली त्यांनी लेख छापला आणि त्यात नंतरचा त्रास लपवला नाही. हा त्रास पूर्ण भुलेनंतरच्या त्रासाइतकाच आहे, असं त्यांनी स्वतःच मांडलं, आणि पद्धत सुधारेपर्यंत माणसांवर सरसकट वापरायला ते तयार नव्हते. पॅरिसच्या त्युफिए यांनी मात्र ती उचलून धरली आणि दोन-तीन वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पसरली. म्हणजे शोध लावणारा हात आखडता घेतोय आणि बाकीचे सुसाट निघालेत, असं चित्र होतं. पुढे कोकेनपेक्षा सौम्य औषधं आली, आइनहॉर्न यांचं प्रोकेन १९०५ च्या सुमाराला वापरात आलं, तेव्हा बीरही स्पायनलकडे परतले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हे थांबणं आहे. स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी गोष्ट अजून बरी नाही असं भरसभेत म्हणणारे सर्जन मी आयुष्यात फार थोडे बघितले.

तोवर ते कील सोडून ग्राइफ्सवाल्ड, मग बॉन असं करत १९०७ साली बर्लिनला पोचले होते, बेर्गमान यांच्या जागेवर. जर्मन शल्यविद्येतल्या सर्वांत मानाच्या खुर्च्यांपैकी ती एक. आणि तिथे एस्मार्शची पट्टी पुन्हा पुढे आली.

मधल्या काळात या पट्टीने त्यांना एका वेगळ्याच वाटेवर नेलं होतं. हृदयाच्या झडपांच्या आजाराने ज्यांच्या फुप्फुसात रक्त साचतं त्यांना फुप्फुसाचा क्षय क्वचित होतो, असं जुन्या डॉक्टरांचं निरीक्षण होतं. बीरनी विचार केला की मग क्षयाच्या सांध्यात मुद्दाम रक्त साचवलं तर? रबरी पट्टी इतकीच आवळायची की रक्त आत येईल पण परत जायला अडखळेल. १९०३ साली यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि हयातीत त्यांचं नाव स्पायनलपेक्षा या उपचारानेच जास्त गाजलं. आज तो कुणी करत नाही. क्षयावर औषधं आली आणि ते प्रकरण मिटलं. बीरबद्दल लिहिणारे बरेच जण ही गोष्ट गाळतात. ती गाळू नये, कारण पट्टी आवळली की आत काय होतं हे त्या वर्षांत या माणसाच्या बोटांना जितकं कळलं तितकं क्वचितच कुणाला कळलं असेल.

आणि १९०८ साली ते ज्ञान कामाला आलं. हाताला एस्मार्शची पट्टी गुंडाळून रक्त वर ढकललं, वर एक पट्टी आणि खाली दुसरी आवळली, मधल्या भागातली एक शीर कापून उघडी केली आणि तिच्यात पातळ प्रोकेन सोडलं. दोन पट्ट्यांमधला भाग जवळजवळ लगेच बधिर झाला, आणि खालच्या पट्टीपलीकडचा हात थोड्या वेळाने, कारण तिकडे जाणाऱ्या नसा मधूनच जातात. पहिल्याला त्यांनी 'थेट' म्हटलं, दुसऱ्याला 'अप्रत्यक्ष'. शिरेतून औषध देऊन सगळं शरीर झोपवणारे पुष्कळ झाले. शिरेतून देऊन फक्त एक हात झोपवायचा हा विचार मात्र त्यालाच सुचणार, ज्याने वीस वर्षं पट्टी आवळण्यात घालवली आहेत.

पण ही पद्धतही मागे पडली. शीर कापून उघडी करणं कटकटीचं होतं आणि हाताकडे जाणाऱ्या नसाच बधिर करणं सोपं वाटू लागलं. पन्नासेक वर्षं ती पुस्तकात पडून होती. लिग्नोकेन हे बधिर करणारं नवं औषध आलं, कातडीतून शिरेत घालायच्या सुया आल्या, आणि १९६३ साली न्यूझीलंडच्या होम्स यांनी लिग्नोकेन वापरून ती पुन्हा जिवंत केली. आज आपण 'बीअर ब्लॉक' म्हणतो तो हा.

लहान गावात तो किती उपयोगी पडतो हे मोठ्या कॉलेजात शिकताना कळत नाही, म्हणून एक केस सांगतो. गोठ्यात पाय घसरून पडलेली साठीची बाई, मनगटाचं हाड मोडलेलं, आणि तासाभरापूर्वीच भाकरी-पिठलं पोटभर खाऊन आलेली. पूर्ण भूल द्यावी तर पोट भरलेलं. दंडावर दोन कप्प्यांचा कफ, म्हणजे फुगवायचा पट्टा, बांधला, मोडलेल्या हाताच्या मागे बारीक सुई आणि दुसऱ्या हातात वेगळी सलाइन लावली. मोडलेल्या हातावर पट्टी गुंडाळली तर ती कळवळेल, म्हणून नुसता हात तीन-चार मिनिटं उंच धरून ठेवला. वरचा कफ वरच्या रक्तदाबापेक्षा १०० ने जास्त फुगवला. अर्ध्या टक्क्याचं लिग्नोकेन ४० मिलिलिटर हळूहळू सोडलं. कातडीवर पांढरे-निळसर डाग पडत गेले, तसं नेहमीच पडतात, नवीन माणूस घाबरतो. पाच-सात मिनिटांत हात बधिर पडला. ती स्वतःच्या हाताकडे टक लावून बघत होती. म्हणाली, 'डॉक्टर, हा माझाच हाय ना?' ऑर्थोपेडिकवाल्यांनी हाड बसवलं, पाच मिनिटांचं काम. प्लास्टर झालं आणि सिस्टर कफ सोडायला पुढे आल्या. मी त्यांचा हात धरला.

हे पक्कं लक्षात ठेवा: शस्त्रक्रिया पाच मिनिटांत संपली तरी औषध दिल्यापासून २० मिनिटं होईपर्यंत कफ सोडायचा नाही. आतलं लिग्नोकेन हातात मुरायला तेवढा वेळ लागतो. आधी सोडलात तर ते एकदम हृदयाकडे आणि मेंदूकडे जातं. आणि या ब्लॉकमध्ये बुपिवाकेन हे बधिर करणारं दुसरं औषध कधीच नाही. त्याने जीव गेलेले आहेत. कफ गळतोय का हे आधी तपासा, फुगवल्यावर तिथून हलू नका. उरलेली पंधरा मिनिटं मी त्या बाईंशी त्यांच्या म्हशींबद्दल बोलत बसलो. ते बोलणंही कामाचाच भाग असतं: जिभेला मुंग्या येताहेत का, कानात शिट्टी वाजतेय का, हे गप्पांमधूनच आधी कळतं.

बीरच्या बाकीच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धात ते सैन्याचे सल्लागार सर्जन होते. अगदी लहान लोखंडी कपची डोक्यात घुसूनही सैनिक कायमचा अधू होतो हे त्यांनी बघितलं. हानोफरचे यंत्रतज्ज्ञ फ्रीडरिश श्वेर्ड यांच्याशी बोलताना पोलादी शिरस्त्राणाची कल्पना पक्की झाली आणि १९१६ पासून जर्मन सैनिकांच्या डोक्यावर ते आलं. त्याचा आराखडा श्वेर्ड यांचा. जखमा नीट बघून निकड मांडणारे बीर. १९२० साली बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाची उच्च संस्था निघाली, तिचे पहिले प्रमुख तेच. १९२५ साली होमिओपॅथीकडे डॉक्टरांनी मोकळ्या मनाने बघावं असा लेख त्यांनी लिहिला आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्या बाबतीत मी त्यांच्यासोबत नाही. आणि १९३७ साली, हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायला बंदी करून जो राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, तो त्यांनी सर्जन झाउअरब्रुख यांच्यासोबत स्वीकारला. हे मला डाचतं. ज्याच्या हाताने इतक्यांच्या वेदना थांबल्या त्याने हिटलरकडून मान घ्यायला नको होता. त्यांच्याबद्दल शिकवताना मी हेही सांगतो.

१९१२ साली त्यांनी बर्लिनच्या पूर्वेकडे झाउएन इथे एक जमीन घेतली होती. तिथे रेताड मातीत नुसते पाइनचे वृक्ष एकसारखे लावलेले होते. त्यांनी त्यांत रुंद पानांची झाडं मिसळायला सुरुवात केली आणि पुढची अनेक वर्षं तेच करत राहिले. ते मिश्र जंगल आजही उभं आहे. १२ मार्च १९४९ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

आता तिसरा प्रश्न: रोज यादीत अडकलेल्या डॉक्टरला नवं शोधणं जमतं का? बीरकडे बघून मी एवढंच सांगू शकतो की त्यांच्याकडची एकही वस्तू नवीन नव्हती. सुई शेजारच्या विभागाची, पट्टी गुरूंची, औषध व्हिएन्नाचं. त्यांच्याकडे वेगळी होती ती नोंदवही. तुम्हीही एक ठेवा, साधी दोनशे पानी. जी स्पायनल चांगली झाली ती केस-पेपरवर असतेच. वहीत लिहायचं ते चुकलेलं: कुठली सुई, कितव्या प्रयत्नात, पाणी कसं आलं, लेव्हल कुठे अडकली, तिसऱ्या दिवशी काय झालं. आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात स्वतः जाऊन विचारा, कारण रुग्ण आपण होऊन भूलवाल्याला शोधत येत नाही. माझ्या वहीत आत्ता सर्वांत जास्त पानं एकाच गोष्टीने भरली आहेत: पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना कुशीवर झोपवल्यावर गुडघे पोटाशी घेता येत नाहीत आणि दोन मणक्यांमधली फट उघडतच नाही. त्यावर मी गादीचे वेगवेगळे तुकडे ठेवून बघतोय. अजून जमलेलं नाही. सध्या उजव्या कुशीखाली दुमडलेली चादर, मानेखाली दोन उशा आणि वरच्या गुडघ्याला सिस्टरचा हात, इथपर्यंत आलो आहे.